पहिला घोट मातीचा

"मातीमायला पहिला घोट न पाजताच सुरू करतोस? ती रुसली तर माझ्या नावाने बोंबलू नकोस हां," असं म्हणत निकासियोने मक्याच्या दारूची घागर पुढे केली.

अबुंदियो ओशाळला. तीन वर्षं अंगणात वेल्डिंग करून त्याने हा मिक्सर बनवला होता. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, पाती फिरायची, माती-सिमेंट एकजीव. गिअरबॉक्ससाठी त्याने बैलजोडी विकली होती. आजच्या विटा टिकल्या तर नव्या शाळेच्या विटांचं काम त्याचं.

तो घागर घेऊन जमिनीवर ओतायला वाकला.

"तिथे कुठे, येड्या? माती आज मिक्सरच्या ड्रममध्ये आहे ना? मग तिचा घोट ड्रममध्येच!"

गाव कमिटीच्या प्रिमितिवामावशींनी मान डोलावली. सगळ्यांनाच पटलं. अबुंदियोने जराशी ओतली.

"एवढीशी? मातीमायला पाहुणचार करतोयस की औषध देतोयस?"

लोक हसले. अबुंदियोही हसला आणि त्याने अख्खी घागर उपडी केली.

निकासियोने टोपी काढून छातीशी धरली, अगदी चर्चमध्ये धरतात तशी. मनातल्या मनात मात्र तो हसत होता. घागरीत गुळाची अख्खी ढेप त्यानेच विरघळवली होती. शहरात स्लॅबवर काम केलेला माणूस तो. सिमेंटमध्ये गोड पडलं की ते कायमचं झोपतं, घट्ट होतच नाही, हे त्याने तिथे पाहिलं होतं. आणि गावात विटांसाठी पायांनी चिखल तुडवणारी अठरा माणसं त्याच्या हाताखाली होती; मिक्सर चालला असता तर त्यांचं काम गेलं असतं.

आठ दिवसांनी मावशींनी एक वीट कमरेइतकी उचलली आणि सोडली. भुगा. दुसरी उचलली. भुगा. तिसरी तर हातातच चुरली.

"पात्यांचा कोन चुकला," अबुंदियो पुटपुटला. "मावशी, अजून एकदा..."

"पावसाळा तुझ्या पात्यांसाठी थांबणार आहे का रे? निकासियो, तुझी माणसं लाव."

"वाईट वाटतंय हो," निकासियो म्हणाला. "घागर माझीच होती."

दुपारी अबुंदियोने स्वतःच कटर लावून मिक्सरची पाती कापून टाकली. नीट कापता यावं म्हणून निकासियोने दुसरं टोक धरलं.

सोमवारी अबुंदियो चिखलाच्या खड्ड्यावर आला. घरात दाणे उरले नव्हते.

"या, इंजिनियर! पँट गुडघ्याच्या वर. आणि पीटीओ काढून ठेवा, इथे नुसते पाय चालतात."

अठरा जण खिदळले. अबुंदियो आत उतरला. फुटलेल्या विटांचा भुगा त्याच खड्ड्यात टाकला होता, वाया कशाला घालवायचा! काठावर मुंग्यांची रांग लागली होती. काळी, दाट, थेट भुग्याकडे जाणारी. दोन-चार मुंग्या त्याच्या पोटरीवर चढल्या.

अबुंदियो थांबला. वाकून त्याने विटेचा एक खडा उचलला, मुंग्या फुंकरीने उडवल्या आणि खडा जिभेला लावला.

मग त्याने वर पाहिलं. निकासियोकडे.

खड्ड्यातलं हसणं आपोआप थांबलं.

"थांबतोस कशाला?" निकासियो म्हणाला. "डावा पाय."