मोठी कुंडी

मोन्तेविदेओमधल्या आपल्या घराच्या बाल्कनीत एल्बियोने गांजाचं रोप पेल्याएवढ्या कुंडीतून मोठ्या कुंडीत हलवलं. लावलं होतं दुखऱ्या गुडघ्यांसाठी, तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंदणी करून, पण आता त्याचा सगळा जीव त्या रोपातच अडकला होता. विकतच्या खताचा कण नाही की औषधाचा थेंब नाही. नुसतं गांडूळखत आणि रोज सकाळच्या येर्बाच्या चहाचा चोथा.

लेक ग्रिसेल आली. कुंडी बघताच तिने कपाळावर हात मारून घेतला.

"पपा, काय करून बसलात हे! ही आपोआप फुलणारी जात आहे. हिला हलवायचं नसतं."

"अगं, एवढ्याशा कुंडीत जीव गुदमरत होता त्याचा. म्हटलं, मोठी जागा, नवी माती..."

"मोठ्या जागेचं काय घेऊन बसलात? दुसरं रोप असतं तर थांबलं असतं, सावरलं असतं, मग फुललं असतं. हिचं आयुष्यच मुळात मोजकं, सावरायला वेळ कुठून आणणार? जिथे रुजली, तिथेच राहू द्यायची हिला."

एल्बियोने मातीचे हात विजारीला पुसले. "परत जुन्या कुंडीत लावलं तर?"

"नाही हो पपा. एकदा उपटलं की उपटलं."

खाली हॉर्न वाजला. ग्रिसेलने दाराशी भरून ठेवलेली त्याची बॅग उचलली.



"चला, वृद्धाश्रमाची गाडी आली. केवढी मोठी खोली मिळाली आहे तुम्हाला! आठवडाभरात रुळाल बघा."