उलटे तुकडे

"जपून गं, तिथली पायरी परवाच काढली!" नझहा आतून ओरडली. तोवर बतूलचा पाय खड्ड्यात गेलाच होता.

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या जुन्या वस्तीतलं हे घर नझहा आणि तिच्या नवऱ्यानं, जवादनं, घेतल्यापासून तिच्या मैत्रिणीला, बतूलला, ते आतून बघितल्याशिवाय चैन पडत नव्हतं. गल्लीतून सगळी दारं सारखीच दिसतात, आत काय दडलंय ते आत गेल्याशिवाय कळत नाही. आल्या आल्या तिनं खरवडलेल्या भिंतीत बोट घातलं, बुजवलेल्या कोनाड्यात डोकावली, रंगाच्या डब्यांची झाकणंही उचलून पाहिली.

अंगणात म्हातारा कारागीर बूश्ता मांडी घालून टाइलांचे बदामी आकाराचे तुकडे जुळवत होता. सगळे पालथे. वरून नुसत्या मातकट पाठी दिसत होत्या. शेजारी चार रंगांचे चार ढीग, तेही पालथेच.

"नमुन्याचा चौकोन आहे," नझहा हळूच म्हणाली. "वरून प्लॅस्टर ओतायचं आणि दुपारी उलटायचा. बरोबर निघाला तर सगळ्या अंगणाचं काम उस्तादांना. नाहीतर जवाद कारखान्यातल्या टाइला आणणार. म्हणतो, सत्तरीचा माणूस, हात थरथरतात."

"आणि काही दिसत नसताना हे जुळवतात कसं?"

"ते त्यांनाच विचार."

दुपारच्या नमाजाची बांग झाली. बूश्ता मशिदीत गेला, नझहा मसूर ढवळायला. अंगणात बतूल एकटी उरली.

जित्याची खोड! तिनं ढिगातला एक तुकडा उचलून उजेडात नेला आणि उलटा केला. हिरवा, पुदिन्याच्या पानासारखा. खूश होऊन तो परत ठेवायला ती वाकली आणि थबकली. कुठल्या ढिगातला? चारही ढीग सारखेच मातकट. जवळच्या ढिगात तिनं तो टाकला, हात पुसले आणि बाजूला होऊन उभी राहिली.

बूश्ता परतला, कामाला लागला. थोड्या वेळानं त्याचा हात थांबला. एका तुकड्याखालून त्यानं अंगठा फिरवला आणि बतूलकडे पाहिलं. बतूल आभाळातली कबुतरं मोजायला लागली. त्यानं तो तुकडा बसवला आणि प्लॅस्टर कालवायला घेतलं.

जेवताना बतूल मसुरात नुसताच चमचा फिरवत होती. आपल्या चोंबडेपणापायी म्हाताऱ्याचं काम जाणार, हे तिला टोचत होतं. बोलायला तोंड उघडावं, तर दर वेळी नझहा त्यात ऑलिव्ह कोंबत होती.

जवाद आला. त्यानं आणि दोन गवंड्यांनी चौकोन उचलून भिंतीला टेकवला. नझहानं पाणी मारून फडकं फिरवलं, तशी एकेक चांदणी उघडी पडली. निळी, काळी, हिरवी, पांढरी. सगळे पुढे सरकून बघायला लागले, इतकं ते देखणं होतं. मग जवादनं बोट टेकवलं. पांढऱ्या चांदणीची एक पाकळी हिरवी होती.

"हे काय, उस्ताद? तरी मी नझहाला सांगत होतो. वय झालं की व्हायचंच."

बूश्ता हातांवरचं प्लॅस्टर खरवडत राहिला.

"त्यांची चूक नाही!" बतूल एका दमात बोलून गेली. "मीच तो उचलला होता, बघायला. परत टाकताना ढीग चुकले."

नझहानं कपाळावर हात मारला. "अगं, कुक्कुलं बाळ आहेस का तू?"

"मला कळलं होतं," बूश्ता म्हणाला. "हिरवा अंगठ्याला जरा खरखरीत लागतो."

"मग बसवलात कशाला?" जवादनं विचारलं.

"बाईंना तुकड्याची दुसरी बाजू बघायची होती. मला बाईंची."

"आणि त्या गप्प बसल्या असत्या तर? काम गेलं असतं की तुमचं!"

"गेलं असतं," म्हणत बूश्तानं छिन्नी उचलली आणि तो हिरवा तुकडा काढायला वाकला.

जवादनं त्याचा हात धरला. "राहू द्या तो तिथेच. उद्यापासून अंगणाला हात घाला."

बूश्ता हसला आणि हात धुवायला निघाला. दोन पावलं जाऊन मागे वळला, आणि चारही ढिगांवर पोतं टाकून मगच गेला.