करडी घरं

सभेला अर्धा तास उरला होता. खुर्च्या मांडून झाल्यावर मावशीनं फडकं खांद्यावर टाकलं आणि ती भिंतीवरच्या मोठ्या नकाशापुढे जाऊन उभी राहिली. तिचं बोट नदीकाठानं निघालं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून शाळेच्या मागे गेलं आणि तिथंच थांबलं.

“ताई, हा करडा रंग कशाचा?”

ताई टेबलाशी अहवालाच्या प्रती लावत होती. नगरपालिकेत तिची एका वर्षाची फेलोशिप होती. जुनं शहर नव्यानं उभं राहत होतं आणि लोकांचं म्हणणं ऐकून ते साहेबांपर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम. अकरा महिने तिनं ते मान मोडून केलं होतं. नकाशाही तिचाच. त्याचं सगळे तोंड भरून कौतुक करत, आणि कौतुक कुणाला नको असतं?

“रिकामी घरं, मावशी. कुणी राहत नाही तिथं.”

“मग त्यांचं काय करणार?”

“पाडायची. तिथून नदीकाठचा फिरायचा रस्ता जाणार. ज्यांची घरं जातील त्यांना दुसरी मिळणार आहेत. पण ही रिकामीच, त्यामुळे इथं तो प्रश्नच नाही.”

मावशी नकाशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तर मग मी कुठं राहते?”

ताईला हसू आलं. मावशीला नकाशा कळत नसणार, असं समजून ती उठून जवळ गेली. मावशीनं बोट जागचं हलवलं नाही. ही शाळेची भिंत, हा नळ, नळापासून चौथं दार. सगळं बिनचूक होतं. तो नळ ताईनंच निळ्या ठिपक्यानं दाखवला होता.

“पण मी आले होते तुमच्या गल्लीत,” ताई म्हणाली. “एकदा नाही, तीनदा. वेगवेगळ्या दिवशी. एकदा अकराला, एकदा एकला, एकदा चारला. एकतीस दारांना तिन्ही वेळा कुलूप होतं.”

तीनदा कुलूप दिसलं की घर करडं, हा नियम तिनंच केला होता. बाकीचे एकदा कडी वाजवून मोकळे होतात, आपण तीनदा जातो, याचा तिला मनातून अभिमान होता.

“कुलूप असणारच की. त्या वेळी मी इथं असते. मध्ये तीन दिवस तुमची खुर्ची रिकामी दिसली. म्हटलं, बरं झालं, आज टेबलाखालून नीट पुसून घेऊ.” मावशीच्या बोलण्यात राग नव्हता. “शेजारीण दवाखान्यात झाडते, तिची जाऊ बँकेत. समोरचे दोघं भाऊ त्या नव्या काचेच्या इमारतीत. पोरं शाळेतून नदीपलीकडे माझ्या आईकडे जातात. सकाळी सहाला सगळी गल्ली बाहेर पडते, ती रात्री सातला परत. दोरीवर कपडे वाळत असतील ना, ताई? ते नाही दिसले?”

दिसले होते. लाल चौकड्यांचा एक लहान सदरा तर ताईला अजून आठवत होता. पण तिच्या तक्त्यात कपड्यांसाठी रकाना नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की मावशीकडे बघवेना.

तेवढ्यात साहेब आले. ताईनं एका दमात सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

“मावशींचा अर्ज नंतर घेऊ की आपण.”

“एकतीस घरं आहेत, साहेब. आणि नंतर म्हणजे पाडल्यावर?”

“अहो, चारला सभा, पाचला फाइल वर जाणार. रोज विचारणा होतेय.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुमचे वीस दिवस राहिलेत. तुम्हाला इथंच कायम करून घ्या म्हणून मी शब्द टाकलाय. काठाशी आल्यावर हे काय काढलंत?”

ताई टेबलाशी परत गेली. मूळ अहवाल तिथंच होता. तिनं शेवटचं पान उघडलं. ‘सर्वेक्षण पूर्ण व अचूक आहे,’ आणि त्याखाली तिची कालचीच सही. खाडाखोडीचा कागद वर जात नाही, हे साहेबांनीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तिनं पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. मग सही खोडली. पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.

“हे काय केलंत! आता हा वर कसा जाणार?”

“नाही जाणार,” ताई म्हणाली. “आणि नव्या पानावर मी सही करणार नाही.”

साहेबांनी फाटलेलं पान पाहिलं. “मग मलाही माझा शब्द मागे घ्यावा लागेल,” ते म्हणाले आणि सभा रद्द झाल्याचं कळवायला बाहेर गेले.

मावशी खुर्च्या पुन्हा एकात एक घालू लागली. ताईनंही दोन उचलल्या.

“मावशी, मी पुन्हा येते. उद्याच. कधी येऊ?”

“पहाटे साडेपाचला या. सहाला आम्ही निघतो.” मावशीनं तिच्या हातातल्या खुर्च्या घेतल्या. “आणि कडी वाजवायला नको. त्या वेळी दार उघडंच असतं.”