तानुबाईंची सरकी

पेडगावच्या तानुबाई दरसाल घरचीच सरकी पेरायच्या. शेजारच्या रानात एका कंपनीने नव्या, लाल पानांच्या कापसाचा प्रयोग लावला आणि पुढच्या वर्षी तानुबाईंच्या कापसाच्या हिरव्या पऱ्हाटीत जागोजाग लाल पानं दिसायला लागली.

त्या तडक परभणीच्या कृषी कार्यालयात गेल्या. "सायेब, शेजारच्या लाल कापसानं माजं बियाणं बाटलं. त्यो प्रयोग बंद करा."

"परवानगी दिल्लीची आहे. आम्हाला अधिकार नाही," साहेब म्हणाले.

पुण्याच्या कृषी आयुक्तालयातही तेच ऐकायला मिळालं. दिल्लीने कळवलं, अंमलबजावणीचं जिल्ह्याने बघावं. "मंग इचारू तरी कुणाला?" म्हणत तानुबाई पुन्हा परभणीला जाऊन साहेबांच्या दारात बसल्या.

शेवटी बोंडं फुटायच्या आत साहेबांची जीप गावात आली. तानुबाईंनी हरखून शेजारच्या रानाकडं बोट दाखवलं. पण जीपमधली माणसं त्यांच्याच रानात शिरली आणि पऱ्हाटी उपटायला लागली.

"आवो सायेब, माजी काहून उपटायलाव?"

 

"तिथं दिल्लीची परवानगी आहे, बाई. तुमच्या लाल पानांना कुणाचीच नाही. तेवढी उपटायचा अधिकार आमच्याकडं आहे."