चाळीस अंशांच्या वर

अकरा वाजून गेले तरी पडद्यावरचं पंधरा नंबरचं केंद्र हिरवंच होतं. अनीसाने पुन्हा घड्याळ बघितलं.

खरं तर हिरवं म्हणजे सगळं ठीक. अकोल्याच्या टेलिफोन नियंत्रण कक्षात बाकीचे सगळे हिरव्याचीच वाट बघत बसायचे. मोझरीपलीकडच्या गावातल्या या टेलिफोन केंद्राची खोली चाळीस अंशांवर तापली, की इथे लाल दिवा लागायचा. मग अनीसाने तिथल्या राखणदार पंजाबरावाला फोन करायचा, त्याने खोलीत पंखा लावायचा. वर्षभर रोज अकराच्या सुमारास हे चालू होतं आणि तिला ते हवंही होतं.

मागच्या साली पंजाबरावाची बायको जाईबाई गेली. त्याच महिन्यात अनीसाचा नवरा सरफराज गेला. तेव्हा फोनवर बोलता बोलता दोघंही मनातलं बोलून गेले होते.

"खरं हाये बाई, कोनासाठी राहावं मानसानं," पंजाबराव म्हणाला होता.

ते वाक्य तिच्या मनातून हललं नाही. त्यात सलग दोन वर्षं त्याची कपाशी बुडालेली, आसपासच्या गावांतून नको त्या बातम्या यायच्या. तिला भीती वाटायची, उघड उघड भीती. पण विनाकारण फोन करायला ती त्याची कोण? लाल दिवा लागला की हक्कानं करता यायचा.

साडेअकराला इंजिनीअर अश्विन मागे येऊन उभा राहिला.

"ताई, उद्या पंधरा नंबरची तापमान मोजायची सेन्सरची डबी बदलून टाकतो. डिसेंबरात खोली चाळीसवर जाते म्हणजे थट्टाच झाली."

"राहू द्या ना सर."

"काहून?"

अनीसा परत पडद्याकडे वळली.

पावणेबाराला लाल लागला. एकेचाळीस. तिने झडप घालून नंबर फिरवला. घंटा वाजतच राहिली. "उचला हो भाऊ," ती पुटपुटली.

"हालो."

तिच्या जिवात जीव आला. "कुठं होते भाऊ? खोली तापली ना."

"हो का? पाह्यतो. आज जरा उशीर झाला."

"कायले उशीर?"

"काई नाही. तुमी जेवल्या का? आवाज बसल्यासारखा वाटून राहिला."

"जेवते ना आता. वांग्याची भाजी आनली."

"मंग झालं."

पडद्यावरचे आकडे उतरू लागले. अडतीस, एकतीस, सव्वीस. अनीसाला हसू आलं, डोळेही पुसावे लागले. उद्या डबी बदलली तर काय करायचं ते उद्या बघू. आज माणूस जागेवर होता, बोलला होता.

ती रिसीव्हर ठेवणार, तोच आतून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. पंजाबरावाने फोन नीट ठेवलाच नव्हता. त्याची शेजारीण शकुन विचारत होती.

"काहून हो भाऊ, रोज त्या डबीले गरम चायचा गिलास लावता? साहेबानं पाह्यलं म्हंजे?"

"पाहू दे. माह्या आजूबाजूले तुमी सारे हा, ढोरं हायेत. ते बाई एकटीच हाये. कोनासाठी जगू, म्हनत होती तवा. दिवा लागल्याबिगर ते फोन करत नाही, अन् तिचा फोन आल्याबिगर मले कसं समजन, हाये का गेली?"