नवव्या दिवसाचा घाट

निवृत्त झाल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं: देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीनं जायचं, चांगलं पंचवीस दिवस! जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो उचलायचं नाव नाही. महिनाभर ती ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

तिनं स्वतः तीस वर्षं मालवाहतूक कंपनीत ट्रकवाल्यांना रस्ते आखून दिले होते. कुठं वाट अडली की ड्रायव्हर पहिला फोन तिलाच करायचे. पण घरात तिला कोण विचारतंय?

तरी न राहवून एकदा तिनं नवव्या दिवसाच्या खुणेवर बोट ठेवलं. "अहो, या महिन्यात हा घाट बर्फानं बंद असतो."

"खुर्चीत बसून रस्ते कळत नसतात," तो खेकसला. "उगाच अक्कल पाजळू नकोस. बॅग भर, तेवढं जमेल तुला."

तिनं बॅग भरली.

निघायच्या दिवशी ती बॅग उचलताना तो कण्हला. "दगड भरलेत की काय यात?"

"फावडं, टॉर्च, दोन ब्लँकेटं आणि तुमचे सगळे स्वेटर."

"आणि तुझी बॅग कुठंय?"

तिनं नकाशाची घडी घालून त्याच्या हातात कोंबली, टेबल स्वच्छ पुसलं आणि आपलं ताट मांडलं.



"नवव्या दिवशी फोन करा. मनात आलं तर उचलेन."