शिडीवरून पडणारे बाबा

लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात बाबा शिडीवरून पडायचे. धप्पकन आपटायचे, टुणकन उठायचे आणि टोपी काढून वाकायचे. आम्ही घरी पोट धरधरून हसायचो.

आता पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळलेत. वर्षभर तोंडातून एक शब्द नाही. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून ताईने कुठून तरी त्या कार्यक्रमाची जुनी कॅसेट मिळवली आणि त्यांच्यासमोर लावली.

पडद्यावर बाबा पडले. उठायला त्यांना फार वेळ लागला.

"एवढा वेळ लागायचा का रे त्यांना?" ताईने मला विचारलं.

"छे. लगेच उठायचे."

तिने पुन्हा लावली. या खेपेला ते उठलेच नाहीत. एक पाय तेवढा हलत होता आणि कार्यक्रमात समोर बसलेली मुलं खिदळत होती.

ताई बंद करायला गेली, तेवढ्यात पलंगावरून बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

"परत लाव. आता उठतो मी."

ताईला रडू फुटलं. तसंच रडत तिने परत लावली.

पडद्यावरचे बाबा शिडी चढले. वर पोचल्यावर मात्र त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि ते खाली फरशीकडे बघत राहिले.

मुलं आधीच हसायला लागली होती.